राजुऱ्यातला ऐकणारा

बदली होऊन राजुऱ्याला आलो तेव्हा सोबत माझं मॅन्डोलिन होतं. कोणी वाजवणारा जोडीदार मिळेल म्हणून मी बाजारातल्या ढोलकीच्या दुकानात गेलो. तिथे एक म्हातारे कारागीर दोरी ताणत बसले होते. त्यांनी हात धोतराला पुसले, मॅन्डोलिन मांडीवर घेतलं आणि न वाजवता नुसता त्याच्या पोटाला कान लावला.

"जवानीत नाटकात वाजवत होतो. आता बोटं वळत नाई," ते म्हणाले. "थोडंसं वाजवा न भाऊ."

"पुढच्या वेळी. इथे कोणी वाजवणारं आहे का?"

"वाजवणारे नाई राह्यले. आयकाले मी हाओ न."

मला जोडीदार हवा होता, श्रोता नको होता. मी हसून निघालो.

मग तारासुद्धा नागपूरहूनच आणल्या आणि चार महिने तिकडे फिरकलो नाही. अखेर मॅन्डोलिन घेऊन गेलो, तेव्हा त्यांची जागा रिकामी होती.

"पोरीकडे गेले, सिरोंच्याले. आता नाई येत," मालक म्हणाला. "तुमाले बहुत विचारत होते."

मी तिथेच बसून एक धून वाजवली. मालक गिऱ्हाइकाला ढोलकी दाखवत होता.