पुतळाबाईच्या हातावरचा नंबर

उलव्याच्या पुतळाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मासळीच्या डोळ्यात बघून ती कधीची ते सांगायची. नवरा खाडीत बुडून गेला तेव्हा जयदेव आठ वर्षांचा होता. तो मोठा झाला आणि होडीवर न बसता सरळ पलटणीत गेला.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात तो रजेवर आला. गळ्यात दोरी, दोरीला पत्र्याचे दोन बिल्ले. आईनं विचारलं, हे कसले ताईत? तो सांगत बसला. ह्याच्यावर नंबर, नाव, धर्म, रक्ताचा गट. माणूस पडला की एक बिल्ला त्याच्याजवळ राहतो, दुसरा साहेबाकडे जातो.

"आनि दोनी हरवले तं?"

"मंग कोन कोनाचा ते देवाला ठावं," जयदेव हसला. मग हसू आवरून बजावलं की हा नंबर कुणाला सांगायचा नाही. पत्रावर घालण्यापुरता कागदावर लिहून ठेवतो.

पुतळाबाईला काही हसू आलं नाही. कागद खाडीच्या दमट हवेत किती टिकणार? गावात त्या आठवड्यात गोंदणारीण आली होती. जयदेव विहिरीवर आंघोळीला गेला, तशी ही दोरीसकट बिल्ला घेऊन तिच्यापुढं बसली. गोंदणारीणही अडाणीच. तिनं तुळस, विंचू काढावेत तशी ती अक्षरं बघून बघून डाव्या हातावर उतरवली, मनगटापासून कोपरापर्यंत.

जयदेवानं आल्यावर तिचा सुजलेला हात बघितला.

"आये, ह्या हातानं तू बाजारात मासली विकतंस."

"मंग?"

"मंग काय. सगल्यांना वाचता येतं, तुज्याशिवाय."

तो चार दिवसांनी गेला. ती आपली रोज पनवेलच्या बाजारात बसत राहिली, उघड्या हातांनी बोंबील निवडत. कुणी शिकलेलं गिऱ्हाईक हात बघून विचारायचं, जयदेव कोण? ती मान ताठ करून सांगायची, माजा पोर, मिल्ट्रीत हाय.

डिसेंबरात लढाई लागली. लढाई संपली आणि तार आली, जयदेव बेपत्ता. पुढं महिनाभर काहीच नाही. मग जानेवारीत इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस दारात आला. त्यानं नंबर घडाघडा म्हटला, नाव म्हटलं, रक्ताचा गटसुद्धा. आपण पलटणीतलेच, जयदेव जखमी आहे, पुण्याच्या इस्पितळात आहे. शिक्क्याचा कागद दाखवला. औषधासाठी तिच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या घेतल्या, आणि भेटीचा पास काढायला म्हणून जयदेवचा घरातला एकुलता एक फोटो. दीर दादू म्हणाला, वहिनी, जरा दमानं घे. ती म्हणाली, पलटणीशिवाय कोनाला ठावं हाय त्याचा नंबर?

दादूला घेऊन ती पुण्याला गेली. फाटकावरच्या शिपायानं वही दोनदा चाळली. असा कुणी नव्हता. तीन दिवस ती फाटकासमोर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दादूनं तिचा डावा हात आपल्या हातात घेतला, बोटानं एकेक अक्षर दाखवत वाचला आणि तिच्याच पदरानं झाकून टाकला.

घरी आल्यावर तिनं हाताला बिब्बा चोळला. कातडी भाजून निघाली, पण खालून हिरवी अक्षरं तशीच. तेव्हापासून ती पूर्ण बाह्यांचं पोलकं घालू लागली.

मार्चमध्ये खरा हवालदार आला. जयदेवचं प्रेत सापडलं होतं, अंत्यविधीही तिकडेच झाला होता. हवालदारानं दोन्ही हातांनी बिल्ला आणि शिक्क्याचा कागद पुढं केला. पुतळाबाईनं हात मागं घेतले.

"ह्यो नंबर कोनालाबी मालूम हाय," ती म्हणाली. "तुजा शिक्का ठेव तुज्याकडं. त्याच्याकडंबी व्हता."

हवालदार बिचारा उन्हात तासभर उभा राहिला. दादूनं समजावलं, शेजारची सरस्वती रडली. हिनं कागदावर अंगठा दिला नाही, दहावं घालू दिलं नाही. माझा पोर मेला म्हणणारा तिच्या लेखी बांगड्या नेणाऱ्याचाच भाऊ. पुढं जमिनीच्या मोजणीला माणसं आली, त्यांनाही तिनं आपलं नाव सांगितलं नाही. दादूचं नाव लिहा म्हणाली. गावातली पोरं मागून काहीबाही बोलायची, ती वळून बघायची नाही.

अशी आठ वर्षं गेली. ऐंशीच्या उन्हाळ्यात पाय ओढत चालणारा एक माणूस विचारत विचारत घरी आला. पंढरी नाव, साताऱ्याकडचा. पलटण सुटल्यावर नावड्याच्या बाजूला एका कारखान्यात रखवालदार लागला होता. जयदेवच्या तोंडून उलव्याचं नाव ऐकलेलं, म्हणून आला होता.

पुतळाबाईनं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "नंबर नको सांगूस."

"नंबर मला आठवत न्हाई, मावशी."

"मंग दुसरं सांग. कुटं लिवलेलं नसंल असं."

पंढरी वळून वाटेकडे बघू लागला. निघून जावं असंही त्याला वाटलं असेल.

"बूट घालायच्या आधी त्यो काठी आत घालून ढवळायचा," तो शेवटी म्हणाला. "रोज. आम्ही इचारायचो, काय शोधतुयास? म्हनायचा, पाकट हाय का बगतो. डोंगरावर कसली आलीय मासळी, म्हनून आम्ही हसायचो."

सहा वर्षांचा असताना जयदेवचा पाय चिखलात दडलेल्या पाकट माशावर पडला होता. त्याच्या शेपटीचा विषारी काटा घुसून पंधरा दिवस तापानं फणफणला होता. त्यानंतर तो खाडीत कधी काठीशिवाय उतरला नाही. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, दादूलाही नीटसं नाही.

पुतळाबाई उंबऱ्यातच बसली. "कसा गेला?"

"छातीला लागलं." पंढरीनं आपल्या पायाकडे बघितलं. "येळ न्हाई लागला, मावशी. मी शेजारीच हुतो. मग मलाबी लागलं, म्होरं शुद्धच न्हवती."

तिनं त्याला आत घेतलं, हात धुवायला पाणी दिलं, तांदळाची भाकरी आणि कालवण वाढलं. तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली. मग त्याचं ताट उचललं आणि भिंतीपलीकडे सरस्वतीला हाक मारली.

"दादूला सांग, भटाकडं जा."

सरस्वती धावत आली. चाचरत म्हणाली, आता आठ वर्षांनी सुतक कसं धरायचं?

"कलल्या दिवसापासून धरायचं असतं," पुतळाबाई म्हणाली. "मना आज कललं."