मागची चाकं जाम

मोटार जागची हलेना आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, मोटारीशिवाय हलेनात. कर्वेनगरातली आमची जुनी इमारत पाडायची होती, रविवारी घर रिकामं करून द्यायचं होतं. आप्पांनी बजावलं होतं की या घरातून जाईन तर माझ्या गाडीतून, नाहीतर बिल्डरला सांगा माझ्यासकट पाडायला. गाडीची मागची दोन्ही चाकं जाम होती आणि शुक्रवार उजाडला होता.

नाना पेठेतले एक म्हातारे मेकॅनिक आले. अख्खी पेठ त्यांना चाचा म्हणते. ऐन तारुण्यात त्यांनी हीच गाडी कितीदा तरी खोलली होती. इंजिन त्यांनी तासाभरात सुरू करून दिलं. मग मागच्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रमशी झटापट सुरू झाली. अ‍ॅक्सलचा नट काढायला पान्याला लांबलचक पाइप लावून मी अक्षरशः लोंबकळलो. नट निघाला, ड्रम ढिम्म! ड्रम ओढून काढायचा पुलर लावला, डिझेल सोडलं, ब्लो लॅम्पने शेकलं, हातोडे घातले. शनिवारही त्यातच गेला. जिन्यातून जाणारा येणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जाई; ज्यांना सायकलची चेन चढवता येत नाही तेसुद्धा. तळहाताची सालटी निघाली, डोकं फिरलं आणि मी ड्रमला सणसणीत लाथ घातली. अंगठा टम्म सुजला.

चाचा थंडपणे म्हणाले, "साहेब, आता दुसऱ्या पायाने बघा."

रविवारी सकाळी सामान हलवणाऱ्यांनी आप्पांना खुर्चीसकट तीन मजले खाली आणलं. इस्त्रीचा कोट, डोक्याला टोपी. त्यांच्यासमोरच चाचांनी पुलर आवळून घाव घातला आणि ड्रम धाडकन सुटला. आत गंजाचा नुसता चिखल. ब्रेकचं लायनिंग सोलून ड्रमलाच चिकटलेलं.

चाचांनी विचारलं, गाडी धुतं कोण. मी, दर दसऱ्याला. आणि धुतल्यावर?

गाडी धुतली की पूजेआधी एक चक्कर मारून आणायची, म्हणजे ब्रेक सुकतात, हा आप्पांचा नेम. गुडघे गेल्यावर त्यांचं खाली उतरणं संपलं आणि हे काम माझ्याकडे आलं. मी पाइप लावून गाडी धुई, हार घाली, हँडब्रेक कचकचून ओढी आणि वर जाई. आमच्या खिडक्या मागच्या बाजूला, त्यामुळे वरून काही दिसायचं नाही. आप्पा विचारत, मारलीस का चक्कर. मी हो म्हणे. इतकी वर्षं! कारण काय, तर कंटाळा. दुसरं काही नाही. तीन दिवस ज्याला शिव्या घालत होतो तो गंज माझाच होता. लाज वाटली, आणि लाजेचाही राग आला.

"आप्पा, मी एकदाही फिरवली नाही," मी म्हणालो.

ते ओरडतील म्हणून मी खांदे आवळून उभा राहिलो. ते ड्रममध्ये बघत होते. चाचांनी मध्ये पडून सांगितलं की दुपारपर्यंत दुसराही सुटेल, मागचे ब्रेक गेलेत म्हणून गाडी दोराने ओढून नेऊ, आपण स्टिअरिंगला बसा.

"मी विचारायचो, कशी चालली," आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "तू म्हणायचास, मस्त. मग मला दिवसभर बरं वाटायचं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला रिक्षा बघून दे," ते म्हणाले.