दोन्या एल्बियाच्या रेडिओवरची खाच

उरुग्वेतल्या पायसांदूत विल्मार एचेवेरीच्या घरात शिरायचं तर आधी बोटातली अंगठी काढावी लागे, मग मनगटावरचं घड्याळ. एकदा पाद्रीबाबा आले, तर गळ्यातला क्रूससुद्धा त्याने त्यांना शर्टाच्या आत सारायला लावला. का, तर लाकडाला ओरखडा जायला नको! लोकरीच्या गिरणीत तीस वर्षं माग दुरुस्त करून निवृत्त झालेला हा सडाफटिंग माणूस. घरात चौदा लाकडी रेडिओ आणि सगळ्यांशी त्याचं लाडेलाडे बोलणं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "यातलं निम्मं एखादीशी बोलला असता, तर आज नातवंडं खेळली असती."

ती एखादी कोण, हेही गल्लीला पाठ होतं. दोन्या एल्बिया, म्हणजे एल्बियाबाई, कोपऱ्यावरची विधवा शिवणवाली. ऑगस्टात तिचा रेडिओ मुका झाला, तेव्हा विल्मारने तो तान्ह्या बाळासारखा चादरीत गुंडाळून स्वतः उचलून नेला.

"अहो माएस्त्रो, नुसता बोलता करा. नटवू नका त्याला!" ती मागून ओरडली.

"तुम्ही निश्चिंत राहा हो!" विल्मारने मान डोलावली. ऐकलं मात्र काही नाही.

बाईला घाई होती, त्यालाही कारण होतं. नदीपलीकडे, अर्जेंटिनात, तिची धाकटी बहीण सुल्मा राहते. आईचा हा रेडिओ कोणी न्यायचा यावरून अकरा वर्षांपूर्वी दोघी भांडल्या, त्या आजतागायत बोललेल्या नाहीत. फोन करणं म्हणजे माघार घेणं. पण एल्बियाच्या वाढदिवसाला, सकाळी अकराला, सुल्मा पलीकडच्या चिमुकल्या स्टेशनवरून तिच्या नावाने गाणं लावते. यंदा वाढदिवस रविवारी होता.

"गाणं आलं तर समजायचं, ती जिवंत आहे," एल्बिया म्हणाली होती. "उन्हाळ्यात तिचं छातीचं ऑपरेशन झालं, असं लोकांकडून कळलं. बरी आहे की नाही, कोणाला विचारू? रविवारी तो बोलला, तर तुम्ही माझ्याकडे सारण भरलेली राविओली खायला थांबायचं."

विल्मारकडे रविवारी आजवर पाव आणि डब्यातली मासळी असे. राविओलीचं नाव ऐकून तो पेटलाच. जुने कंडेन्सर बदलले, किड्यांच्या भोकांत सुईने औषध भरलं, जुन्या मोज्यात कापूस घालून लाखेच्या पॉलिशचे बत्तीस हात दिले. स्टेशनच्या पट्टीखाली लाकडात उंदराने कुरतडल्यासारखी एक ओबडधोबड खाच होती. ती त्याने भुसा आणि सरस भरून अशी बुजवली, की स्वतःलाच सापडेना. त्या दिवशी तो शीळ घालत हिंडला.

आणि शनिवारी हात नडला. शहरांची नावं छापलेल्या काचेच्या पट्टीवरची धूळ पुसायला त्याने स्पिरिट घेतलं. मोंतेविदेओ अख्खं बोळ्यावर उतरलं. बुएनोस आयरेसमधलं बुएनोस गेलं. विल्मारने दिवा जवळ ओढला. मग भिंग घेतलं, तीन केसांचा ब्रश घेतला आणि दिवसभर एकेक शहर पुन्हा वसवत बसला.

रविवारी साडेदहाला रेडिओ एल्बियाच्या टेबलावर होता. असा चकाकत होता, की तिने त्यात बघून केस सारखे केले.

"कबूल करतो," विल्मार घाम पुसत म्हणाला, "ही नावं मी लिहिलीत. मूळची पुसली गेली."

"मरू देत. ती कोण वाचतंय? चष्म्याशिवाय मला दिसतात तरी का?" तिने पट्टीखालच्या लाकडावरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. "खाच कुठाय?"

"कसली खाच?"

"आईने सुरीने पाडलेली! काटा त्या खाचेवर आणला, की पलीकडचं स्टेशन लागतं."

विल्मारने पट्टीखाली स्वतः बोट फिरवून पाहिलं. "मी बुजवली... सुरेख बुजवली हो..."

"सांगितलं होतं ना, नटवू नका म्हणून! अख्ख्या गावात तुम्हालाच बरी हौस!"

अकराला दहा कमी. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर गेलं, मग खरखर सुरू झाली. विल्मार काटा केसभर सरकवी, पुन्हा मागे आणी. एक प्रवचन लागलं. मग ब्राझीलचा सांबा. मग कोणीतरी गुरांचे भाव सांगायला लागलं.

"हळू! माग ओढताय का?" म्हणत एल्बियाने त्याच्या हातावर हात ठेवला. गिरणीतल्या त्या राकट बोटांतून लाकडी बटण निसटलं. विल्मार म्हणतो, लाकूड गुळगुळीत होतं म्हणून.

अकरा वाजले. अकरा वाजून दोन मिनिटं झाली. एल्बियाने कान रेडिओला लावला. सांबा आणि गुरांच्या मध्ये, खरखरीच्या तळाशी, एक बारीक आवाज होता. तो पकडेपर्यंत विल्मारने बटण सोडलं नाही.

"...आणि हे गाणं सुल्माकडून, तिच्या थोरल्या बहिणीसाठी. निरोप असा: 'मी ठणठणीत आहे. आईचा रेडिओ ढापणारे, शंभर वर्षं जग!'"

"मेली सुधारली नाही," म्हणत एल्बिया हसली आणि एप्रनला डोळे पुसले. मग केसांतला आकडा काढून तिने थेट त्या बत्तीस हातांच्या पॉलिशवर, काट्याच्या बरोबर खाली, टेकवला.

"थांबा!" विल्मार किंचाळला.

ती थांबली. त्याने डोळे मिटले, उघडले आणि खिशातली सर्वांत धारदार पटाशी काढून तिच्या हातात दिली. "आकड्याने लाकूड फाटतं. खाच हिने करा. खोल करा, पुन्हा बुजायला नको."

तिने केली, चांगली वाकडीतिकडी. मग माते, म्हणजे तिकडच्या कडू चहाचं, ओलं भांडं रेडिओच्याच डोक्यावर ठेवलं आणि राविओलीचं पाणी चढवायला आत गेली. भांड्याखाली पांढरं वर्तुळ उमटताना विल्मारला दिसत होतं. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला आणि हातातलं पुसायचं फडकं खिशात टाकलं. काटे-चमचे मांडायला दोन्ही हात मोकळे हवे होते.