आधी डोकं मागा

कुणी कॅनडाला निघालंय असं कळलं की तो उजव्या हाताचा अंगठा कानामागे घालायचा आणि कान पुढे ओढायचा. कान म्हणजे माशाचा कल्ला. मग सांगायला लागायचा, "हॉटेलात बसलात की आधी डोकं मागा. शिजवायच्या आधी आणून दाखवा म्हणावं. कल्ला असा उचलून बघायचा. लाल असला तर जेवा. डोकं नाही म्हणाले तर उठायचं. पाणीसुद्धा प्यायचं नाही."

हे तो कुणी न विचारता सांगायचा. तुमच्याही शेजारात असा एखादा असेल. नसला तर तुम्ही सुखी आहात.

ओमानमध्ये, मस्कतजवळच्या माबेल्यात आमच्या समोरच्या दारात तो राहायचा. मूळचा वसईचा, ख्रिस्ती. तरुणपणी बोटीवर कुक होता, नंतर मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात माशांच्या किचनमध्ये लागला. बिल्डिंगमधली मुलं त्याला शेफ अंकल म्हणत, मी नुसतं शेफ म्हणायची. बायको वसईला घर सांभाळून. मी इथे मुलाकडे असते. मुलगा इंजिनियर, सून मदिनत सुलतान काबूसला शाळेत शिकवते. दोघं उजाडायच्या आत गाडी काढतात ती संध्याकाळी परततात. नात तेव्हा शाळेत जायची. मग दिवसभर घरात मी, आणि त्याची सुट्टी असली की माझ्या डोक्याशी हा. दारात "जय भीम, मावशी" म्हणायचा आणि थेट स्वयंपाकघरात येऊन भांड्यावरचं झाकण उचलून बघायचा. माझ्या हातून झाकण सुटायचं, पण त्याची सवय सुटली नाही.

आमच्याकडे कॅनडाला जाणाऱ्यांना तोटा नाही. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, म्हणून जो तो पुढची सोय बघतो. कुणाचं जायचं ठरलं की बिल्डिंगमध्ये जेवण होतं, आणि त्या जेवणात हा उठून उभा राहायचा. टोरंटोला मासे खाऊ नका, तिथे समुद्र नाही, तळं आहे. व्हँकुव्हरला सामन मासा खा, पण चिनी माणसाच्या हॉटेलात, जिथे काचेच्या टाकीत मासे फिरताना दिसतात तिथे. लॉबस्टर म्हणजे आपली शेवंड. ती बंदरावर खायची, टेबलावर प्लॅस्टिक घातलेलं असेल तिथे. पांढरं कापड घातलं असेल तर मासा जुना आहे आणि कापड नवीन आहे असं समजायचं. एवढं झाल्यावर तो घसा साफ करायचा. "पण खरं खायचं असेल तर हॅलिफॅक्स. बंदराच्या वरच्या अंगाला, चढावर, निळ्या दाराचं हॉटेल. तिथे जायचंच."

एक जोडपं कॅलगरीला निघालं होतं. नवऱ्यानं मोबाइलवर बघितलं आणि म्हणाला, अंकल, कॅलगरीपासून हॅलिफॅक्स मस्कत ते मुंबईपेक्षा लांब आहे. हा म्हणाला, "मग विमानं काय शोभेला ठेवलीत?"

लोक हसायचे. पण तो तिथेच का पाठवतो ते सगळ्यांना माहीत होतं. निळ्या दाराच्या हॉटेलात त्याची मुलगी चुलीपाशी उभी असते.

लहानपणी त्यानंच तिला त्या बंदराच्या गोष्टी सांगितल्या होत्या. बोट तिथे लागली होती तेव्हा त्यानं काय खाल्लं, कुठे खाल्लं, धुकं कसं होतं, सगळं. पोरगी नर्सिंग शिकायला म्हणून तिथेच गेली आणि अर्ध्यात सोडून हॉटेलात कामाला लागली. ह्यानं फोनवर सांगितलं, मी जन्मभर आगीसमोर उभा राहिलो तो तुला उभं राहायला लागू नये म्हणून. ती म्हणाली, मला तेच आवडतं. त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हती. आई वसईहून मुलीशी बोलायची, पण नवऱ्याशी बोलताना तिचं नाव काढायची नाही. दुसऱ्या कुणी काढलं की हा म्हणायचा, "खलास."

आणि मग जगातल्या सगळ्या प्रवाशांना तिच्याकडे जेवायला पाठवायचा. ह्याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

बहुतेक जण जायचे नाहीतच. एक कुटुंब मात्र सुट्टीत खरंच गेलं. त्यांचा फोन आला तो ह्यानं माझ्या सोफ्यावर बसून घेतला, कारण त्याच्या खोलीत म्हणे रेंज नसते. पाऊण तास चौकशी. तिसऱ्यांचे शिंपले पूर्ण उघडले होते का? सूपमध्ये बटाटा विरघळला होता की तुकडे लागत होते? मासा काट्यानं सुटत होता की सुरी लागली? शेवटी म्हणाला, कांदा जास्त परतलेला दिसतोय, आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "शेफ, मुलगी बरी आहे का, एवढं एक विचारायचं होतं."

"मावशी, मी हॉटेलचं विचारत होतो."

"हॉटेलला पडसं झालंय का, असं तरी विचारायचं."

उठून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि माझ्या आमटीवरचं झाकण उचललं.

शुक्रवारी सकाळी माझा मुलगा आम्हाला सीबच्या मासळी बाजारात न्यायचा आणि गाडीत एसी लावून बसायचा, कारण किती वेळ लागणार हे त्याला माहीत असायचं. मी रत्नागिरीकडची बाई, मासे मला कुणी शिकवायला नको. पण मी सुरमईला हात लावला की हा म्हणायचा, "ती कालची." मी दुसरी घेतली की म्हणायचा, "ती परवाची." ओमानी कोळी त्याला ओळखायचे. तो आला की आपणहून कल्ले उघडून दाखवायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. मासे कापणारे बंगाली लोक डोकी बाजूला टाकत, कारण बरीच गिऱ्हाइकं ती नेत नाहीत. हा ती सगळी पिशवीत भरून आणायचा आणि त्याचा फ्रीज भरला की माझ्या फ्रीजमध्ये कोंबायचा. बर्फाचा कप्पा उघडला की डोळे वटारलेली हमूर माशांची डोकी माझ्याकडे बघायची. सून ओरडायची मला.

मग माझ्या नातीला हॅलिफॅक्सच्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

तो दारात आला तेव्हा मी त्याचं तोंड बघूनच म्हटलं, आता मेले. नात इथेच वाढलेली, मराठी अडखळत बोलते. जायच्या आधीचे दिवस मला तिच्याजवळ बसायचं होतं, पण ते ह्यानं खाल्ले. रोज येऊन तिला समोर बसवायचा. डोकं कसं मागायचं, वेटरशी इंग्लिशमध्ये काय बोलायचं, कल्ला कुठल्या बोटानं उचलायचा. नाही म्हणाले तर वाद घालायचा नाही, थँक्यू म्हणून उठायचं. पोरगी गुणी, सगळं ऐकून घ्यायची. मी तिला हळूच सांगितलं, जाऊ नकोस कुठे, कॉलेजच्या मेसमध्ये जेव. पण ती गेली.

व्हिडिओ कॉल आला तेव्हा हा माझ्या शेजारीच होता. दोन शुक्रवार तो बाजारालाही आला नव्हता, फोन यायची वाट बघत होता.

"अंकल, मी गेले होते," नात म्हणाली. "निळा दरवाजा होता. मी डोकं मागितलं. ते म्हणाले, आमच्याकडे डोकं नसतं. मग मी थँक्यू म्हणाले आणि निघाले."

"निघालीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना. नाही म्हणाले तर उठायचं."

मी त्याच्याकडे बघितलं. असा चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. इतक्या लोकांना त्यानं दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या. तिथे जायचंच, आणि डोकं नसेल तर उठायचं. जेवून आलेल्या त्या कुटुंबानं डोकं मागितलंच नसणार. त्याच्या मुलीच्या हॉटेलात डोकं नसेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्यानं वाढवलेल्या पोरीच्या किचनमध्ये डोकं नाही, हे कसं येणार त्याच्या मनात?

"अगं, पण उठलीस कशाला," एवढंच तो म्हणाला, आणि मला राग आला. पोरीचं काय चुकलं? मी त्याला तसं सांगितलंही. तो ऐकत नव्हता.

"आजी, थांब ना, पुढे ऐक," नात म्हणाली.

ती चढ उतरून खाली आली तर मागून कुणीतरी धावत आलं. ॲप्रन बांधलेली, डोक्याला रुमाल, हाताला पीठ. वेटरनं आत जाऊन सांगितलं होतं की एक मुलगी माशाचं डोकं मागून उठून गेली. तिनं नातीला हाताला धरून उभं केलं आणि सरळ मराठीत विचारलं, "तुला डॅडीनं पाठवलं ना?"

मग तिनं सगळं सांगितलं. तिथे मासे डोकं कापूनच येतात, लाद्यांसारखे. मालकाला ती कधीपासून सांगतेय की अख्खा मासा घेऊ. मालक म्हणतो, डोळेवाला मासा बघून गिऱ्हाईक पळेल. ती एका कोळ्याकडून स्वतःसाठी डोकी मागवते आणि सुट्टीच्या दिवशी कामाच्या लोकांना कालवण करून घालते. नातीला तिनं त्या दिवशी यायला सांगितलं होतं आणि नात जाऊन आली होती.

"कसं होतं?" ह्यानं विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"छान होतं. तिखट होतं. अंकल, तिनं एक सांगायला सांगितलंय. सांगू?"

मीच म्हटलं, सांग.

"ती म्हणाली, डॅडीला सांग, दुसऱ्यांना कशाला पाठवतोस. स्वतः ये आणि माझ्यासमोरून उठून दाखव."

त्यानं खलास म्हटलं नाही. उठला, समोरच्या दारात गेला आणि दार लावून घेतलं. पुढे बरेच दिवस माझ्या भांड्यांवरची झाकणं जागच्या जागी राहिली. मला बरं वाटायला हवं होतं. पण आमटी उतू जायला लागली, कारण तो डोकावेल म्हणून मी कुठलंही भांडं निवांत सोडत नसे आणि आता सोडायला लागले होते.

मग एका संध्याकाळी माझ्या मुलासमोर येऊन बसला. व्हिसाचं काय लागतं, ते विचारायला. हॉटेलची नोकरी तशीही संपत आली होती. मुलानं दमून आल्यावर त्याच्यासाठी कॉम्प्युटर उघडला आणि मला चहा टाकायला सांगितला. पहिल्यांदा नकार आला. तेव्हा मी म्हटलं, सुटलो. दुसऱ्यांदा व्हिसा आला.

जाताना त्यानं शर्टांच्या घड्यांमध्ये मसाल्याच्या बाटल्या गुंडाळल्या. विमानात फुटतील म्हटलं तर म्हणाला, "मावशी, तुम्ही गप बसा जरा." घाबरला होता. माझ्या फ्रीजमधली डोकी न्यायचं विसरला. मुद्दाम विसरला असणार.

तिकडून तो परस्पर वसईला जाणार होता. आता समोरच्या दारात केरळची माणसं आहेत, चांगली आहेत, झाकण उचलत नाहीत. बाजारात मात्र कापणारा बंगाली अजून न सांगता डोकं माझ्या पिशवीत टाकतो. मी दर वेळी सांगते, तो माणूस गेला, आता टाकू नकोस. तो मान डोलावतो आणि टाकतो. मग घरी आणून करावंच लागतं.

तिकडे काय झालं ते नातीनं सांगितलं. ती त्याच टेबलावर होती. तो नवा कोट घालून निळ्या दारानं आत गेला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, उठायला सोपं जावं तसा. मुलगी बाहेर आली. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. हातात परात होती, तिच्यात कच्चं डोकं. ती त्याच्यापुढे ठेवली. त्यानं अंगठ्यानं कल्ला उचलला, बघितलं, मान हलवली. परात आत गेली. बऱ्याच वेळानं तिनंच वाडगा आणून ठेवला आणि समोर हात बांधून उभी राहिली.

त्यानं एक घास घेतला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"मग ऊठ," ती म्हणाली.

त्यानं खुर्ची पुढे ओढून घेतली.