क्लॅरोनेट कोणी वाजवली

"ए वाजंत्री, बाहेर पॅसेजमध्ये बस. बोलावलं की ये. आणि कशाला हात लावू नकोस."

रिळावरचा हा आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा. मुंबईतल्या एका स्टुडिओतला. आणि ज्याचा तो आवाज, तो माणूस आता माझ्या मागच्या सोफ्यावर बसून कॉफी पीत होता. आता पंचाहत्तरीचा. सिंगापुरात शिपिंगच्या धंद्यात मोठा झालेला. बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत बंगला. तरुणपणी त्याचा रॉक बँड होता. एकच रेकॉर्ड निघाली, पण ती लोक अजून शोधत फिरतात. आता ती नव्याने निघणार होती. जुनी रिळं साफ करायचं काम आमच्या सिंगापुरातल्या स्टुडिओत आलं. म्हणजे माझ्याकडे. मी तिथे साउंड इंजिनिअर.

स्पीकरमधून दुसरा आवाज आला. "जी साहेब."

मग कोणीतरी दोनदा खाकरलं आणि क्लॅरोनेट सुरू झाली.

ते खाकरणं मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो माझा बाप होता.

मागे सोफ्यावरचा माणूस हसला. "लग्नाच्या बँडमधला कोणीतरी होता. ते बोलणं उडव. बरं नाही वाटत."

मी उडवलं. हो, मीच. म्हणाले, "झालं, सर."

आम्ही सोलापूरचे. जातीने मांग. वाजवणं पिढीजात. आप्पा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. ऐन उमेदीत काही महिने मुंबईला होते. तिथे इंग्रजी गाणी म्हणणाऱ्या श्रीमंत पोरांसाठी वाजवलं, असं सांगायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, फेकतात. आम्ही तोंडावर हसायचो.

त्या रेकॉर्डचं नाव झालं ते सुरुवातीच्या क्लॅरोनेटमुळे. कव्हरवर क्लॅरोनेटपुढे या शिपिंगवाल्याचं नाव. मुलाखतींत सांगतो, दोन महिन्यांत स्वतःच शिकलो.

पहिल्या दिवशी मला म्हणाला होता, "अरे वा, मराठी मुलगी! कुठली तू? वडील काय करायचे?"

"संगीत शिक्षक होते."

हे उत्तर माझ्या तोंडात तयारच असतं. कॉलेजपासून. नवऱ्याचं आडनाव लागल्यावर तर कोणी पुढे विचारतच नाही. आप्पा बँडचा लाल कोट घालून रस्त्यावरून वाजवत चालायचे आणि मी मैत्रिणींना घेऊन दुसऱ्या गल्लीत वळायचे. त्यांनी एकदा मला वळताना पाहिलंही.

रीळ ऐकलं त्या संध्याकाळी मी टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटवर आले. नवरा मरीन इंजिनिअर, तो जहाजावर. घरात कोणी नाही. आप्पांना फोन लावला.

"आप्पा, मुंबईत त्या पोरांच्या रेकॉर्डवर तुम्ही वाजवलं होतं?"

"व्हय की. लई सांगायचो, तुमी हसायचा."

"चाल कोणाची होती?"

"माझीच. ते म्हणायचे, कायतरी उदास वाजव. त्यास्नी दुसरं काय सांगता यीना. मग नवरी सासरला निघताना आमी वाजवतो न्हवं, तेच जरा फिरवून वाजवलं. बाहेर लई उकडत हुतं. आत गार हवा हुती, म्हणून एक टेक जास्तच वाजवला." ते हसले. मग म्हणाले, "तुज्या लग्नात वाजवायचं हुतं ते. तू नको म्हणलीस."

मी म्हणाले होते. सासरची माणसं पुण्याची, चांगली शिकलेली. हॉलवर डीजे होता. मी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, तुमची बँडमधली माणसं बोलावू नका, आणि तुम्हीही आणू नका ती. क्लॅरोनेट म्हणालेही नव्हते. 'ती' म्हणाले होते.

"आता कशाला इचारतीस?" आप्पांनी विचारलं.

"सहज," म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी तो माणूस एक कागद घेऊन आला. कोणी काय वाजवलं त्याची यादी. रिळांशी ताडून पाहिलं म्हणून खाली इंजिनिअरची सही लागते. क्लॅरोनेटपुढे त्याचंच नाव.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "ही क्लॅरोनेट तुम्ही वाजवलेली नाही. माझ्या वडिलांनी वाजवलीय."

त्याने कागद खाली ठेवला. "तू तर शिक्षक म्हणाली होतीस."

"खोटं बोलले. बँडवाले होते. आम्ही मांग आहोत."

मूळ रीळ शाबूत होतं. बोलणं मी फक्त कॉपीतून उडवलं होतं. रीळ लावलं. त्याने सगळं ऐकलं. पॅसेजमध्ये बसवणंही, वाजवणंही. चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"चाल मी सांगितली होती," तो म्हणाला. "तो नुसता फुंकत होता. आणि अशा माणसांची नावं तेव्हा कोणी लिहायचं नाही."

"आता लिहा."

तो उठून माझ्या बॉसकडे गेला. बॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "सही कर, लाह. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. तुझा इथे काम करायचा पास माझ्या कंपनीवर आहे."

बॉस वाईट माणूस नाही. सात वर्षं मला नीट वागवलं. म्हणून त्याला नाही म्हणणं जड गेलं. पण पेन मी टेबलावरच ठेवलं.

त्याच दुपारी रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला लिहिलं. आप्पांचं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं. खाली स्वतःचं माहेरचं आडनाव. टेकचा न कापलेला तुकडा जोडला. दुसऱ्या दिवशी मला नोकरीवरून काढल्याची नोटीस मिळाली. रेकॉर्ड कंपनीचं उत्तर अजून नाही.

आप्पांची माफी मागितलेली नाही. मागितली तर ते लगेच 'असू दे' म्हणतील, आणि इतक्या स्वस्तात मला सुटायचं नाही. त्या माणसाने त्यांचं नाव एका रेकॉर्डवरून काढलं. मी वीस वर्षं रोज काढत होते.

पास गेला तर जाऊ दे. नाव येईपर्यंत मी लिहीत राहणार. या कंपनीला, नाहीतर दुसऱ्या कोणाला. ती क्लॅरोनेट माझ्या वडिलांनी वाजवली, आणि ते मीसुद्धा लपवलं. पहिलं सांगताना दुसरं गाळणार नाही.