झोप मोजणारी पोरगी

पेनाला टोपण लावायची, कागद मांडीखाली सारायची आणि म्हणायची, "आता लिहीत न्हाई. बोला." मग समोरचा ड्रायव्हर असा काही मोकळा व्हायचा, की तुम्ही बघितलं असतं तर तुम्हालाही नवल वाटलं असतं.

शहागडला हायवेच्या कडेला माझं पंक्चरचं दुकान आहे. शाळा मी चौथीत सोडली, पण टायरमधलं मला कुणी शिकवू नये. ही पोरगी अंबडहून एसटीनं यायची. पीएचडी करत होती. विषय काय, तर ट्रकवाल्यांची झोप. मी म्हणालो, "झोपेत काय शिकायचंय? आडवं व्हावं, डोळे मिटावे." ती हसली आणि बाकडं सावलीत ओढून बसली. ट्रकच्या अड्ड्यावर पोरगी बसली की लोक बघतात. मी हातात पाना घेऊन बघणाऱ्यांकडं बघायचो.

तिच्या कागदावर छापील प्रश्न होते. रोज किती झोपता? गाडी चालवताना डुलकी लागते का? ड्रायव्हरांनी धडाधड उत्तरं दिली. सगळे आठ तास झोपणारे. डुलकी एकालाही नाही.

आणि टोपण लागलं, की हेच लोक सांगायचे, जागं राहायला मिरची चावतो, गालात चापट मारतो. त्यांत एक म्हातारा ड्रायव्हर होता, आमचा चाचा. आठ तासवाल्यांत त्याचाही कागद होता. तोच तिला म्हणाला, "गोदावरीका पूल कब गया, मालूमच नै बेटी. आँख खुली तो पार."

पोरीचा चेहरा उतरला. "मग कागदावर आठ का, चाचा?"

"कागज सेठके पास गया तो? और घरपे भी मैं येइच बोलता."

तिनं दोन्ही गोष्टी विद्यापीठात तिच्या गाईड सरांपुढं ठेवल्या. सर म्हणाले, आकडे आणि बोलणं जुळत नाही, बोलणं काढून टाका, आकड्यांवर सही करतो. त्या दिवशी तिनं चहा घेतला नाही.

मी म्हणालो, "कागद फेकून दे. बोलणं खरं हाय, तेच लिही."

"बाबा, चार जणांचं ऐकून कोण मानतंय? किती जणांचं असं होतं ते कागद सांगतो. का होतं ते बोलणं सांगतं. दोन्ही लागतंय."

"म्हंजी माझं गिऱ्हाईक खोटारडं?"

"न्हाई ओ. मीच उलटं केलं. आधी बोलायचं असतं, मंग त्यांच्या बोलण्यातून प्रश्न काढायचे. मी घरी बसून प्रश्न काढून आणले."

मला पटलं नाही. आजही पटत नाही. माझ्या मते बोलणं पुरे होतं. पण तिचा हट्ट माझ्याहून चिवट. तिनं नवा कागद केला. शेवटची झोप कुठं काढली? डोळा लागला तर जाग कशानं येते? वर नाव नाही, गाडीनंबर नाही. मी तेलाचा रिकामा डबा दिला, झाकणाला चीर पाडून. ड्रायव्हर लिहायचे आणि स्वतःच आत टाकायचे. चाचानं आमच्याकडं पाठ फिरवून लिहिलं, पेपराला बसल्यासारखं.

डबा भरला, पण सर ऐकेनात. पुन्हा सुरुवात करायला मुदत नाही म्हणाले. बोलणं काढ, न्हाई तर दुसरा गाईड बघ.

"काढून टाक ना मंग," मीच म्हणालो. "डॉक्टर तर होशील."

"चाचाचा पूल काढून टाकला, तर कशाची डॉक्टर, बाबा?"

डबा काखेत धरून ती एसटीत चढली. दुसरा गाईड मिळाला का, ठाऊक नाही. फोन लागत नाही.

परवा त्याच सरांचा दुसरा विद्यार्थी आला. तेच जुने छापील कागद. चाचानं प्रश्न न वाचताच कागद भरून दिला. विद्यार्थी थँक्यू म्हणून पुढच्या गाडीकडं गेला. चाचाच्या टायरात हवा कधीच भरून झाली होती. तरी तो बाकड्यावरून उठेना. अजून कुणी काही विचारील, म्हणून बसला होता.