यादीतली खालची ओळ

आज एक जुना कम्प्युटर उघडला आणि तापलेल्या धुळीचा तोच, कैक वर्षांपूर्वीचा वास आला. लोहाऱ्यातलं माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान तेव्हा नवं होतं. सास्तूरच्या अंगणवाडीताई चादरीत बांधलेला कम्प्युटर जीपमधून मांडीवर घेऊन आल्या होत्या. नवी सिस्टिम टाकताना मी डेस्कटॉपच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या मांडणीच्या, यादीतला पहिलाच निवडला. पडद्यावर आलं: मेमरी कमी, हा डेस्कटॉप चालणार नाही.

"ताई, ह्यात दम न्हाय. भंगारात घाला," मी ऐटीत म्हणालो.

"आवाज तेवढा भरता आला तरी बास हो. आईची भीमगीतं घ्यायचीत, ती हाय तवर."

मी नाहीच म्हणालो. त्यांनी चादरीची गाठ पुन्हा बांधली. त्यांची आई त्याच वर्षी गेली.

डेस्कटॉपच्या त्याच यादीत खाली, कमी मेमरीवरही चालणारा एक हलका डेस्कटॉप होता. मी खाली बघितलंच नव्हतं.